सात बोटं वर

“मग हा स्पॉट चुकलाय की नाही, मामा?”

उपेंद्रने शिडीवरूनच विचारलं. दुपारची वेळ होती. नाट्यगृहात शुकशुकाट. वामनमामा अगदी शेवटच्या रांगेत बसले होते.



नाटकाच्या शेवटच्या स्वगताला बाकीचे सगळे दिवे विझत आणि हा एकच उरे, फक्त चेहऱ्यापुरता. प्रत्येक गावी मामा तो स्वतःच्या हाताने लावत. पण गेले दोन प्रयोग नव्या नटाच्या कपाळावर उजेड आणि डोळे अंधारात, असं झालं होतं. व्यवस्थापकांनी उपेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “म्हाताऱ्याची नजर गेली. आजही तसंच झालं, तर उद्यापासून लाईट तू सांभाळ.”

उपेंद्र सहा वर्षं मामांच्या हाताखाली होता. त्याला वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटलं.

“पाच बोटं वर गेलाय. तुम्हाला तिथून दिसायचं नाही.”

“सात,” मामा म्हणाले.

खाली रंगमंचावरच्या खुणेवर नवा नट श्रीपाद उभा होता. त्याने हनुवटीपासून एकेक बोट वर नेलं. सातव्याला उजेड लागला.

“म्हणजे दिसतंय तुम्हाला.”

“दिसतंय की.”

“मग...?”

मामा उठले. खुर्च्यांना धरत धरत रंगमंचावर आले. श्रीपाद अदबीने बाजूला सरला. मामा खुणेवर उभे राहिले आणि त्यांनी आपल्या डोक्याच्याही वर हात आडवा धरला. तळवा उजळला.

“विश्राम इथवर यायचा.”

विश्राम तेंडोलकर. हे स्वगत तो अठ्ठावीस वर्षं बोलला आणि अठ्ठावीस वर्षं मामांनी त्याच्या चेहऱ्यावर उजेड धरला. त्याला जाऊन तीन आठवडे झाले होते.

उपेंद्रचा हात दिव्याच्या पेचावर होता. तो तिथेच राहिला. शिडीवरून मामांकडे खाली बघायची त्याला लाज वाटली.

“राहू दे, मामा,” श्रीपाद हळूच म्हणाला. “काल मी टाचा उचलून बोललो. आज अजून उंच उचलेन. होईल सवय.”

मामांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. पाहतच राहिले.

“पूर्ण स्वगत?”

“हो. शेवटी पाय थरथरले जरा. तुम्हाला वाटलं असेल, घाबरलो.”

“नाही रे. मला वाटलं, बरं करतोयस.”

श्रीपाद हसला. मामा हसले नाहीत.

“ये. उभा राहा. टाचा टेकव.”

श्रीपाद खुणेवर आला. मामा त्याला खेटून बाजूला उभे राहिले. हात मात्र त्यांनी तसाच वर, उजेडात ठेवला.

“उपेंद्र, पेच सैल कर.”

पेच सैल झाला. उपेंद्रने सवयीने दिवा एका झटक्यात खाली वाकवायला घेतला. मामांचा हात एकदम अंधारात गेला.

“थांब...”

उपेंद्रने दिवा पुन्हा वर नेला. तळवा पुन्हा उजळला.

“सावकाश घे रे,” मामा म्हणाले. “उतरताना विश्रामचा गुडघा दुखतो.”