तिरकूच्या घरावर टोपली

वाळूत एक बीळ.
बिळात एक खेकडा.
खेकडा केवढा? तुझ्या अंगठ्याएवढा!
त्याचं नाव तिरकू.
तिरकू सरळ चालतच नसे. तिरका चालायचा. तुरु तुरु, तुरु तुरु.

पावसाचा जोर ओसरला. समुद्र निवळला. गावाने समुद्राला नारळ दिला. आता मासे धरायचे दिवस आले.

चांगुणाआत्या किनाऱ्यावर आली. आत्याकडे होडी नाही. ती वाळूतच उभी राहते आणि मासे धरते. लांब काठी. काठीला दोरी. दोरीला वाकडा, टोकदार गळ.

आत्याने टोपली खाली ठेवली. धप्प!
कुठे ठेवली?
तिरकूच्या बिळावर!

तिरकू न्याहारी करून परत आला. तुरु तुरु, तुरु तुरु. बघतो तर काय? बीळ नाही! बिळावर टोपली!
तिरकूने ढकलली. हलेना.
तिरकूने ओढली. हलेना.

पलीकडे एक बगळा उभा होता. पांढरा पांढरा. एका पायावर. बगळ्याला खेकडे फार आवडतात. खायला! खेकडा बिळात शिरला की बगळ्याला काही करता येत नाही. पण आता शिरणार कुठे?
बगळ्याने एक पाऊल टाकलं. टप्प!

तिरकू तापला. नांगी वर केली. गेला आत्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"आत्या, आत्या! माझ्या घरावर टोपली कुणी ठेवली? कधी ठेवली? मला का नाही विचारलं?"

आत्या खाली वाकली. "अगंबाई! केवढासा तू आणि केवढा तुझा राग! मीच ठेवली रे बाळा. बीळ दिसलंच नाही मला."

"मग उचल!"

"आता कशी उचलू? आज पहिला दिवस. पहिल्या दिवशी टोपली रिकामी उचलत नाहीत. माझ्या आईने कधी उचलली नाही. तिच्या आईनेही नाही. गळ मासा धरेल, तर मी टोपली उचलीन."

बगळा पुढे आला. टप्प!

तिरकू गेला गळाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"गळदादा, गळदादा, मासा धर!
आत्या टोपली उचलेना,
माझं घर मला मिळेना!"

गळ दोरीला लोंबत होता. कुई कुई, कुई कुई.
"कसा धरू? अख्खा पावसाळा मला घरात टांगलं. गंजलो मी. बोथट झालो. दगड मला घासेल, तर मी मासा धरीन."

बगळा पुढे आला. टप्प!

तिरकू गेला दगडाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"दगडआजोबा, दगडआजोबा, गळ घासा!
गळ मासा धरेना,
आत्या टोपली उचलेना,
माझं घर मला मिळेना!"

दगड ऊन खात पडला होता. घुर्रर्र, घुर्रर्र.
"कोण ओरडतंय? तू होय! अरे, कोरडा कसा घासू? गळ मोडेल ना! लाट मला भिजवेल, तर मी गळ घाशीन."

बगळा पुढे आला. टप्प!

तिरकू गेला लाटेकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"लाटताई, लाटताई, दगड भिजव!
दगड गळ घासेना,
गळ मासा धरेना,
आत्या टोपली उचलेना,
माझं घर मला मिळेना!"

लाट लांब लोळत होती. सळ्ळ सळ्ळ, सळ्ळ सळ्ळ.
"तिथवर येऊ? नको रे बाबा. पावसात इतक्या उड्या मारल्या! पाय दुखले."
"तुला पाय आहेत?"
"नसले म्हणून काय झालं? दुखले! वारा मला ढकलेल, तर मी दगड भिजवीन."

बगळा पुढे आला. टप्प!

तिरकू गेला वाऱ्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. वारा सुरूच्या झाडात बसला होता. गाल फुगवून.

"वारामामा, वारामामा, लाट ढकल!
लाट दगड भिजवेना,
दगड गळ घासेना,
गळ मासा धरेना,
आत्या टोपली उचलेना,
माझं घर मला मिळेना!"

"हुं!" वारा म्हणाला. "ढकल म्हणे! सगळे येतात आणि काम सांगतात. वाऱ्या, जाळी वाळव. वाऱ्या, बोंबील सुकव. सुकवतो की नाही? मग कुणी म्हणतं का, वाऱ्या, बरं झालं तू आलास? सांग, कुणी म्हणतं?"

तिरकूने नांगी वर केली. आता तो भांडणार होता. खूप भांडणार होता.
पण त्याला काहीतरी आठवलं.

पावसात बिळात पाणी शिरलं होतं. गार गार पाणी. तिरकू कुडकुडत बसला होता. कुड कुड, कुड कुड. तेव्हा वारा आला. त्याने बिळात फुंकर घातली. फू फू, फू फू. बीळ छान सुकलं. तिरकूला झोप लागली.
आणि तिरकूने वाऱ्याला काही म्हटलंच नव्हतं.

तिरकूने नांगी खाली केली.
"वारामामा, माझं घर तू सुकवलंस. बरं झालं तू आलास!"

वाऱ्याने फुगवलेले गाल सोडले.
मग वारा हसला. सूंऽऽऽ!
सुरूचं झाड हललं. बगळ्याची पिसं उलटी झाली. बगळा पिसं नीट करत बसला.

वाऱ्याने लाट ढकलली. सूं सूं!
"बरं झालं तू आलीस, लाटताई!"
लाटेने दगड भिजवला. सळ्ळ सळ्ळ!
"बरं झालं तुम्ही आहात, दगडआजोबा!"
दगडाने गळ घासला. खर्र खर्र!
"बरं झालं तू आहेस, गळदादा!"
गळ चकचकीत झाला. आत्याने त्याला कोळंबी लावली. काठी फिरवली. भिर्रर्र... डुबुक!
सगळे थांबले. आत्या थांबली. तिरकू थांबला.
काठी वाकली!
"आला, आला, आला!" आत्या ओरडली.
गळाने मासा धरला. जिताडा! चांदीसारखा! फड फड, फड फड!
मासा टोपलीत पडला. धपाक!

बगळ्याची पिसं नीट झाली. बगळा धावला. टप्प टप्प टप्प टप्प!
"आत्याऽऽ! लवकर!"
आत्याने टोपली उचलली.
बगळ्याने चोच मारली. टोच!
तिरकू बिळात शिरला. गुडुप!
बगळ्याच्या चोचीत काय आलं? नुसती वाळू! थू थू, थू थू!

आत्या हसली. तिने बगळ्याला एक कोळंबी टाकली. "घे रे बाबा. तूही सकाळपासून उपाशी."
मग ती बिळापाशी बसली. "तिरकू, चुकलं हं माझं."
तिने बिळाशेजारी एक मोठा शिंपला उभा रोवला. "आता मला तुझं घर लांबून दिसेल. टोपली इथे कध्धी ठेवणार नाही."

बिळातून दोन डोळे वर आले.
"आत्या, बरं झालं तू उचललीस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा आला. हळूच आला. बिळात फुंकर घातली. फू फू.
आतून आवाज आला, "बरं झालं तू आलास, मामा!"

मासा टोपलीत,
तिरकू वाळूत,
आणि तू माझ्या कुशीत.
बरं झालं तू आहेस!