फुरशाची पट्टी

“मग माझं नाव चौथं का, बाई?”

शलाका मुळ्येनं टाईप केलेला अर्ज टेबलावर ठेवला. बाईंनी बस म्हटलं तरी बसली नाही.

खाडीकाठच्या त्या लहानशा दवाखान्यात डॉ. सुलभा हर्डीकर तीस वर्षं साप चावलेल्यांवर उपचार करत होत्या. शलाका त्यांच्याच हाताखाली शिकलेली. इथल्या वाड्यांवरून तिनं रक्ताचे नमुने गोळा केले, ते घेऊन विद्यापीठात गेली आणि सहा वर्षं खपून एक पट्टी तयार केली. रक्ताचा थेंब टाकायचा. फुरशाचं विष अंगात भिनलंय की नाही, दोन मिनिटांत कळतं.

विद्यापीठानं ती पट्टी एका कंपनीला देऊन टाकली, सगळ्या हक्कांसकट. पेटंटवर पहिलं नाव कुलगुरूंचं, दुसरं विभागप्रमुखांचं. तिसऱ्या गृहस्थांना शलाकानं प्रयोगशाळेत कधी पाहिलंही नव्हतं.

“राबले मी. आणि पट्टी कंपनीला दिली त्या समारंभात मला मागच्या रांगेत बसवलं. बाई, तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा. मी त्यांना कोर्टात खेचते.”

“पट्टी कुठं मिळते आता?”

“शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत.”

“आणि इथं?”

“लहान दवाखान्यांना पुरवणं कंपनीला परवडत नाही... पण मुद्दा तो नाहीये, बाई.”



तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. चंद्रभागा पाष्टेला तिच्या दिरानं उचलून आत आणलं. गवत कापताना पायाला काहीतरी चावलं होतं. घोटा टम्म सुजलेला.

बाईंनी रक्त काढून काचेच्या नळीत घातलं आणि नळी उभी करून ठेवली. वीस मिनिटं हलवायची नाही. रक्त गोठलं तर ठीक. नाही गोठलं, तर विष.

वेळ टिपायला कागद हवा होता. बाईंनी शलाकाचा अर्ज उलटा केला आणि त्याच्या पाठीवर लिहिलं, दहा चाळीस.

“बाई, तो माझा...”

“हिच्याजवळ थांब. हिरड्यांतून रक्त येतंय का, बघत राहा.”

शलाका खाटेशी उभी राहिली. रागानं तिचे कान तापले होते.

चंद्रभागा तिच्याकडे निरखून बघत होती.

“तुमीच ना त्या रगत नेनाऱ्या ताई? माझंबी नेलंत. पट्टी करनार म्हनलात. मंग असं वाट बघत पडायला नको, म्हनलात.”

“हो.”

“झाली का?”

“झाली.”

“मंग लावा की.”

शलाकाला तिच्या डोळ्यांत बघवेना.

“इथं नाही मिळत. शहरात मिळते.”

चंद्रभागानं जरा विचार केला.

“तिकडं फुरशी जास्ती हायत का?”

तिनं खरंच विचारलं होतं. टोमणा नव्हता त्यात.

अकराला बाईंनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. तोवर चंद्रभागाच्या हिरड्या लाल झाल्या होत्या. बाईंनी विषावरची लस चढवली. शलाका सलाईनची बाटली धरून उभी राहिली, मधूनमधून चंद्रभागाचं तोंड पुसत राहिली.

दुपारी रक्त थांबलं. चंद्रभागानं पाणी मागितलं.

शलाका बाईंच्या मागोमाग बेसिनपाशी गेली.

“बाई, करार मी वाचला होता. लहान दवाखान्यांना पट्टी मिळणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. नावांचा क्रम तेव्हा ठरायचा होता. माझं नाव वर लागावं म्हणून मी गप्प बसले... सहीही केली.”

बाईंनी हात पुसले. कोपऱ्यातलं स्टूल उचललं, खाटेजवळ नेऊन जोरात आदळलं.

“मला कशाला सांगतेस? प्रश्न तिनं विचारला होता.”