सांगणाऱ्याचं नाव

कथेकरी सगुणाबाईंनी राजेसाहेबांपुढे एक गोष्ट रंगवून सांगितली. गोष्टीतला दिवाण देवीचा सोन्याचा मुखवटा लांबवतो आणि तिथे पितळेचा बसवतो. ऐकता ऐकता दरबारातले खरे दिवाणजी ताडकन उठले.

"ही गोष्ट तुला कुठून मिळाली? सांगणाऱ्याचं नाव घे, नाहीतर जीभ छाटून टाकीन!"

दिवाणजींना खरोखरच मुखवटा बदलताना देवळातल्या काशी गुरविणीने पाहिलं होतं आणि सगुणाबाईंना सांगितलं होतं, आणि ती समोरच बसली होती. भीतीने तिचे ओठ पांढरे पडले होते. नाव घेतलं तर काशी संपली, गप्प राहिलं तर आपण.

राजेसाहेबही म्हणाले, "बोला बाई."

सगुणाबाईंनी हात जोडले. "सरकार, गोष्ट माझ्या मनातली असेल तर नाव कुणाचं घेऊ? आणि कुणी डोळ्यांनी पाहून मला सांगितली असेल, तर ती खरीच घडली म्हणायची. यातलं कुठलं, ते दिवाणजींनीच सांगावं. ते म्हणतील तेच मी कबूल करते."

दिवाणजी चाचरले. "मनातलीच... मनातलीच असणार."

"मग दिवाणजी," राजेसाहेब सावकाश म्हणाले, "मनातल्या गोष्टीचा साक्षीदार तुम्ही कशासाठी शोधत होता?"