शाळेतली एकच खुर्ची

एकदा, इंग्रजी अमलातल्या बंगालमध्ये, एका वृद्ध शाळातपासनिसांच्या हाताखाली एक तरुण काम शिकत होता. तरुण हुशार होता आणि त्या हुशारीवर त्याचा जरा जास्तच भरवसा होता. एका खेड्यातली पाठशाळा तपासून आल्यावर त्याने अहवाल पुढे ठेवला.

"महाशय, साधे त्रैराशिक एकालाही येत नाही. सारी मुले मुकी बसली होती. शाळा बंद करावी, असे लिहिले आहे."

वृद्धांनी सही केली नाही. "उद्या पुन्हा जाऊ," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघे दारात दिसताच शाळेचे गुरुजी, पंडित, लगबगीने उठले. शाळेत खुर्ची एकच. ती त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याने पुसून पुढे केली आणि स्वतः भिंतीशी हात जोडून उभे राहिले. केस पिकलेला माणूस, पण हात थरथरत होते. वृद्ध मात्र जोडे काढून सरळ मुलांच्या रांगेत चटईवर जाऊन बसले.

"बसा पंडितमहाशय. आज प्रश्न तुम्ही विचारा. मीही उत्तरे देईन."

पंडित बिचकत खुर्चीत बसले. पहिल्याच त्रैराशिकाचे उत्तर वृद्धांनी मुद्दाम चुकवले. मुले खुदकन हसली आणि तिघांनी एकदमच बरोबर उत्तर सांगितले. मग ती थांबेनातच. तरुण दाराशी खाली बघत उभा होता.

परतताना नावेत वृद्ध म्हणाले, "तू आलास तेव्हाही त्यांना येत होते. पण तू त्यांच्या गुरूच्या खुर्चीत बसलास. ज्याला आपण सर्वांत थोर मानतो, तोच माणूस भिंतीशी कापताना दिसला, तर मुलाच्या तोंडून शब्द कसा फुटेल? तुझ्या वयात मीही असाच बसलो होतो, बाबा. ती शाळा बंद झाली, ती पुन्हा उघडली नाही. त्या गावचा नदीघाट आला की अजून माझी मान खाली जाते."

तरुणाचा चेहरा उतरला. त्याचे वडीलही खेड्यातले पंडितच होते. तपासणीला साहेब आले की तेही असेच उपरण्याने खुर्ची पुसत. आणि पहिल्या रांगेत बसलेला त्यांचा मुलगा, सारे येत असूनही, अशा दिवशी अवाक्षर बोलत नसे.

हे आपण विसरलोच कसे, याची त्याला विलक्षण लाज वाटली.

"अहवाल द्या, पुन्हा लिहितो," तो म्हणाला. कागद घेऊन त्याने 'शाळा बंद करावी' ही ओळ खोडली.