शेऱ्याभोवतीची जागा

गुंजाळसाहेबांना रिकामी जागा खपायचीच नाही. विस्तार अधिकारी म्हणून ज्या शाळेत जातील, तिथल्या भिंतीसुद्धा ते सुविचारांनी भरून घ्यायचे.

असे हे साहेब एकदा हिवरवाडीच्या शाळेत तपासणीला आले. ढोबळेबाई प्रोजेक्टरवर धडा शिकवत होत्या. पांढऱ्या पडद्यावर एक भलामोठा हिरवा बेडूक आणि खाली तीनच शब्द, 'जमिनीवर आणि पाण्यात'. पोरं माना उंचावून बघत होती.

"एवढंच?" साहेब कडाडले. "बाकीचा पडदा काय गुरं चारायला ठेवलाय? व्याख्या टाका, सुविचार टाका, कडेनं वेलबुट्टी काढा! नाहीतर हा प्रोजेक्टर दुसऱ्या शाळेला देतो."

त्यांनी शेरेबुक मागवलं आणि कोऱ्या पानाच्या मधोमध लाल शाईनं शेरा मारला, 'स्लाइड रिकामी. काम असमाधानकारक.'

बाईंनी वही नम्रपणे घेतली आणि त्या शेऱ्याभोवती भराभर लिहायला लागल्या. बेडकाची व्याख्या झाली, दोन सुविचार झाले, शाळेची पटसंख्या झाली. मग त्यांनी कडेनं फुलं काढायला घेतली.

"अहो बाई, हे काय चाललंय? अशानं माझा शेरा कुणाला दिसेल का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही ना दिसत, साहेब? मग माझा बेडूक तरी पोरांना कसा दिसायचा?"

साहेबांनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. प्रोजेक्टरचं नाव न काढता त्यांनी पान उलटलं, 'उत्तम' एवढंच लिहून सही केली, आणि बाकीचं पान कोरं सोडलं.