भिवरा कासारणीने उबवलेली अंडी

तिवसाळ्याच्या माळाला नांगर ठाऊक नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे. त्या काळी सिद्राम कासार आणि त्याची बायको भिवरा ही दोघे बांगड्यांची ओझी घेऊन जत्रेमागून जत्रा हिंडत असत. सात पिढ्यांत त्या घराण्यातले कोणी एका जागी चार रात्री निजले नव्हते, असे म्हणतात. पुढे सिद्रामचे ओझ्याचे घोडे मेले, आणि गावाने त्यांना कसण्यासाठी माळाचा एक तुकडा दिला.

शेजारच्या हौसाबाईने त्यांना एक खुडूक कोंबडी आणि अकरा अंडी दिली. "एकवीस दिस हिला हलवू नगं," एवढेच तिने बजावले. परंतु स्वस्थ राहू देणे भिवरेला ठाऊकच नव्हते. बांगड्यांचा माल रोज सोडावा, नखाने वाजवावा, तडकलेला नग वेगळा काढावा, ही तिची जन्माची सवय. तिने कोंबडीला रोज उठवले, एकेक अंडे कानाशी धरले आणि नखाने वाजवले. ती अंडी नासली. दुसऱ्या खेपेचीही नासली.

"अगं कासारणी, अंडी हायत ती! कुणाच्या मनगटात भरणार हायस?" हौसाबाई म्हणाली, आणि पाणवठ्यावर हसू पिकले.

तिसऱ्या खेपेस पुन्हा अकरा अंडी मांडून भिवरेने आपले हात पदराने बांधून घेतले. कोंबडी निवांत बसली. पण त्या वैशाखात गावात कोंबड्यांची मर आली. कोंबड्या उभ्या जागी माना टाकू लागल्या, आणि एके सकाळी गावात एकही कोंबडा आरवला नाही. अंड्यांवर बसल्याच्या नवव्या दिवशी भिवरेची कोंबडीही गेली. साऱ्या तिवसाळ्यात कोंबडीची जात म्हणून आता ती अकरा अंडीच उरली होती.

त्या वेळी सिद्राम खांद्यावर ओझे घेऊन दारात उभा होता. डोंगरावरच्या जत्रेचे ढोल वाजू लागले होते.

"भिवरे, ऊठ. पाय वळवळाय लागल्यात माझं. कोंबड्या राखणं आपलं काम न्हवं."

"माझं बी वळवळत्यात," ती म्हणाली, आणि चिंध्यांत गुंडाळलेली अंडी ओटीत घेऊन खाली बसली. मग तिने दोन्ही हात पुढे केले. "अवं, ह्या उतरवा. काच लागून अंडं फुटंल."

दाराशी जमलेल्या बाया चरकल्या. "नवरा जिता असताना? असलं इपरीत करू नगं गं!" हौसाबाई ओरडली.

सिद्रामने त्या हातांकडे पाहिले. मग त्याने ओझे खाली ठेवले. "म्या भरल्या, म्याच उतरवतो," तो म्हणाला. तेलाचा हात लावून, एकही न फोडता, त्याने त्या उतरवल्या.

बारा दिवस ती बसून होती. घास तेथेच, झोप बसल्या जागीच. जत्रेचे ढोल वाजले की तिच्या टाचा आपोआप भुई घासू लागत, आणि भुईला वीतभर खोल दोन खळगे पडले, असे म्हणतात. तिच्या अंगाची ऊब एवढी वाढली की पाठीमागच्या भिंतीवर थापलेल्या ओल्या गोवऱ्या दुपारपर्यंत वाळत, असेही म्हणतात.

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्ले बाहेर आली. दोन अंडी तशीच राहिली, आणि त्या दोहोंसाठी ती रडली. मग सिद्रामने साऱ्या गावादेखत तिचे हात पुन्हा भरले.

आजही तिवसाळ्यात कोंबडी अंड्यांवर बसवणारी बाई त्या दिवशी हातांतल्या बांगड्या उतरवते, आणि त्याला कोणी अपशकुन म्हणत नाही. पिल्ले निघाली की नवरा स्वहस्ते तिचे हात भरतो. जिला नवरा उरलेला नाही, तिच्या दारी शेजारणी बांगड्या घेऊन जातात. त्या दिवशी तिच्याही हातांत बांगड्या वाजतात, आणि त्या पुन्हा उतरवायला तिला कोणी सांगत नाही.