उदमांजर आजोबांचा मळा

फार पूर्वी एका डोंगरावर कॉफीचा मळा होता. तो पणजोबांपासून आपलाच आहे, अशी तिथल्या उदमांजर आजोबांची पक्की खात्री होती. माणसं खुरपत, छाटत. पिकलेली लाल फळं आधी आजोबा खात. "नोकर कष्टाळू आहेत हो," ते नातीला सांगत.

एकदा मळेवाल्याच्या सुनेने आजोबांच्या विष्ठेतल्या बिया वेचून, धुऊन, भाजून कॉफी केली. त्या कॉफीवर गिऱ्हाइकं तुटून पडली. मग सगळं घर टोपल्या घेऊन आजोबांच्या मागे फिरू लागलं.

"बघ, आपली घाणसुद्धा डोक्यावरून नेतात!" आजोबा फुगले.

लवकरच आजोबा आणि नात पिंजऱ्यात आले.

"आजोबा, दार उघडत नाही," नात रडवेली झाली.

आजोबा फळ चघळत म्हणाले, "उघडायचं कशाला? फळं जागेवर येतायत. आजपासून मळा तुझा, बाळ. किल्ली तेवढी नोकरांकडे राहू दे."